सायकलचा वेग मोबाईलच्या जीपीएसवर कसा मोजावा

सायकलसाठी वेगळा स्पीडोमीटर घेण्याआधी हातातला मोबाईल वापरून बघा. रोजच्या सायकलिंगला तो पुरतो, फक्त त्याला मोकळं आकाश मिळायला हवं. नवी मुंबईकरांनी पहिली चाचणी पामबीच रोडवर घ्यावी. बेलापूरहून वाशीकडे येताना डाव्या हाताला बराच वेळ कांदळवन आणि खाडी असते, त्यामुळे सिग्नल छान मिळतो. पण गाड्या तिथे सुसाट जातात, म्हणून भल्या सकाळीच निघा.

घरीच करायची तयारी. स्ट्राव्हा किंवा एखादं साधं जीपीएस स्पीडोमीटर अ‍ॅप टाका. लोकेशनची परवानगी देताना ‘अचूक’ हा पर्याय चालू ठेवा. अँड्रॉइड फोन असेल तर बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमधून हे अ‍ॅप वगळा. हे बहुतेक जण विसरतात. मग स्क्रीन बंद झाली की फोन अ‍ॅपला झोपवतो आणि नकाशावर अर्धी राइड सरळ रेषेत उमटते.

फोन बसवणं. चारही कोपरे धरणारा होल्डर हँडलच्या मधोमध घट्ट आवळा, वरून रबरी पट्टा लावा. पुढचं चाक उचलून दोनतीनदा आपटून बघा. होल्डर जरा जरी फिरला तरी पुन्हा आवळा. पावसाळ्यात वॉटरप्रूफ पाऊच लागतोच. प्लॅस्टिकमुळे जीपीएस अडत नाही, पण ओल्या स्क्रीनवर बोट नीट चालत नाही, म्हणून रेकॉर्डिंग आधीच सुरू करा.

निघण्यापूर्वी मिनिटभर थांबा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्लॅबखाली ‘स्टार्ट’ दाबू नका. जागा ठरवायला फोनला किमान चार उपग्रह लागतात आणि ते सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर असतात. इंटरनेट चालू असेल तर ते लवकर सापडतात. नेट नसेल तर वेळ लागतो, पण एकदा सापडले की नेटशिवायही वेग दिसतो.

आकडा कसा वाचायचा? फोन साधारण सेकंदाला एकदा नवा आकडा देतो. ताशी 18 किलोमीटर वेगात तेवढ्यात सायकल 5 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून ब्रेक दाबल्यावर आकडा थोडा उशिरा उतरतो. उंच टॉवरांच्या मध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, उड्डाणपुलाखाली तो तुटतो. ठाण्यात येऊरच्या चढावर दाट झाडीतही आकडा उगाच वरखाली होतो. सिग्नलला उभं असतानाही कधी एकदोन किलोमीटरचा वेग दिसेल. त्या क्षणाच्या आकड्यापेक्षा सरासरी वेगावर भरवसा ठेवा आणि ‘ऑटो पॉज’ चालू करा, म्हणजे थांबलेला वेळ सरासरीत धरला जात नाही.

स्क्रीन सतत चालू ठेवली तर बॅटरी भराभर उतरते, शिवाय नजर खड्ड्यांवरून हटते. अनेक अ‍ॅपमध्ये दर किलोमीटरला वेग बोलून सांगण्याची सोय असते. ती लावा, आवाज फोनच्या स्पीकरवरच ठेवा आणि स्क्रीन खुशाल बंद करा.