ग्लेशियर हाइकला जाताय? आधी बुटांचं बघा

मित्रांसोबत गाइडेड ग्लेशियर हाइक, म्हणजे गाइडच्या मागे हिमनदीवरून चालायची ट्रिप करायची असेल तर फोटो बघून बुकिंग करू नका, ग्रुपमधल्या सगळ्यात कमी फिट माणसाला झेपेल तीच घ्या. बर्फावर सगळे गाइडच्या मागे एका रांगेत चालतात, एक जण दमला की अख्खी रांग थांबते आणि थांबलं की थंडी अशी भरते की विचारू नका, त्यात ग्लेशियरवरून खाली वाहणारा गार वारा असतोच.

आता बूट. घोटा झाकणारे, कडक सोलचे ट्रेकिंगचेच पाहिजेत, कारण क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे ते लोखंडी दात मऊ सोलवर बसत नाहीत, सोल वाकला की निसटतात. आमच्यातला एक शहाणा जॉगिंग शूज घालून आला, मग भाड्याचे बूट घाईत घेतले, एक साइझ मोठे, आणि दोन तास टाच घासून घेत चालला. भाड्याने घेणार असाल तर तिथेच चार पावलं टाकून बघा. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही. आत थर्मल, मग फ्लीस, वरून वॉटरप्रूफ, बस. ऊन असलं तरी ग्लोव्हज काढायचे नाहीत, बर्फ खरखरीत असतो, हात टेकून पडलात तर कातडी सोलवटते. आणि सनस्क्रीन हनुवटीखाली पण लावा, ऊन बर्फावरून उसळून खालून पण येतं, हे मला दुसऱ्या दिवशी आरशात कळलं.

चालायचं कसं, तर फेंगडं. पाय एकमेकांपासून लांब ठेवायचे नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात आणि तोंडावर पडता. पाऊल सपाट आपटायचं, सगळे दात एकदम रुतले की कच्च असा आवाज येतो, तो आला की समजायचं पकड बसली. उतरताना लोक घाबरून मागे रेलतात आणि नेमके तिथेच घसरतात, गुडघे वाकवून वजन पुढे टाका.

आम्ही आइसलँडला सोल्हेमायोकुल नावाच्या ग्लेशियरवर गेलो होतो. पांढराशुभ्र बर्फ असेल असं वाटलेलं, पण तो राखेने काळा, ज्या मोठ्या हिमटोपीतून हा फाटा खाली येतो तिच्या पोटात काट्ला ज्वालामुखी आहे, 1918 साली मोठा उद्रेक झाला होता. जिथे काळी माती साचते तिथे ऊन जास्त शोषलं जातं, म्हणून बर्फात बोटाएवढी भोकं पडतात आणि त्यात नितळ पाणी असतं. मोठी भोकं मात्र वेगळी, वितळलेलं पाणी गोल फिरत थेट आत पडतं, आत खोलवर निळं दिसतं, तिथे गाइड म्हणेल तेव्हाच आणि एकेकानेच डोकवायचं, सेल्फीसाठी एक पाऊलही पुढे नाही.

परत आल्यावर क्रॅम्पॉन काढले तरी पार्किंगपर्यंत आम्ही चौघं फेंगडेच चालत होतो.