दिवेलागणीच्या आधी लेकराचं अंथरूण

परभणीच्या आमच्या घरात लेकराच्या रात्रीची तयारी ऊन उतरायच्या आत होते. रात्री दोन वाजता पाजताना डोळे मिटायला लागले की बरं-वाईट सुचत नाही. जे अंथरलेलं असेल त्यावरच लेकरू ठेवलं जातं.

बाज असेल तर आधी तीच बाजूला करा. नवार ढिली पडली की मधे खोलगा होतो, लेकरू घरंगळतं आणि तोंड कापडात रुततं. झोळीचंही तसंच. त्यात हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्याशा जिवाची श्वासाची वाट अडते. झोळीत डोळा लागला तर उचलून सपाट जागी ठेवायचं. जमिनीवर घट्ट, पातळ गादी आणि तिच्याखाली खोचलेली सुती चादर, एवढंच पुरे. गादी आईच्या हाताच्या अंतरावर ठेवा. खोली एकच, अंथरूण वेगळं, आणि हे निदान सहा महिने.

मग त्या गादीवरून काय काय उचलायचं ते बघा. लोड, दुपट्यांची चवड, गोधडी, खुळखुळा, गळ्यातला काळा दोरा. दृष्ट लागू नये म्हणून बांधायचाच असेल तर दिवसा, डोळ्यांसमोर. मोहरीची उशी काढताना मात्र मला जड गेलं. सासूबाईंनी ती बाळंतपणाआधीच हाताने शिवून ठेवली होती. डोकं गोल व्हावं एवढीच त्यांची इच्छा. मी त्यांना सांगितलं, लेकरू जागं असताना दिवसातून दोन-तीनदा आपल्यासमोर पालथं घालू, झोपवताना मान कधी डावीकडे कधी उजवीकडे करू, डोकं चपटं होणार नाही. उशी ट्रंकेत गेली.

त्यांची खरी भीती वेगळीच होती. उताणं निजवलं तर दूध नरड्यात जाईल! ही भीती घरोघरी आहे, म्हणून नीट सांगते. लेकरू पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. उलटून आलेलं दूध खालच्या बाजूला राहतं. पालथं केलं की हेच उलटं होतं. अमेरिकेत 1994 मध्ये लेकरांना पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. म्हणून दर वेळी पाठीवरच, दुपारच्या डुलकीलासुद्धा. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, मग निजवा.

हिवाळ्यात आमच्याकडे पारा एक अंकी होतो. तेव्हा पांघरुणांऐवजी अंगातले कपडे वाढवा, आपल्यापेक्षा एक थर जास्त. शेगडी पेटती ठेवून दारं लावून कधीही झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. धुरी, उदबत्ती, मच्छर कॉइल, विडी, सगळा धूर त्या खोलीबाहेर. डासांना ताणून बसवलेली मच्छरदाणी बरी. घरात झोपवताना टोपडं काढा. कमी वजनाच्या किंवा अगदी नवजात बाळाचं मात्र डॉक्टर सांगतील तसं. एप्रिल-मेमध्ये एक पातळ झबलं बस्स, आणि कूलरचा झोत तोंडावर नको. हातपाय गार लागले म्हणून घाबरून गुंडाळू नका. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर एक कपडा कमी करा.

रात्री पाजायला कुठे बसायचं तेही दिवसाच ठरवा. मी एकदा सोफ्यावर बसून पाजत होते, डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा लेकरू माझ्या कुशीत आणि सोफ्याच्या पाठीमध्ये दाबलं जात होतं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पेंग येत असेल तर आपल्या गादीवर बसा, शेजारची उशी-पांघरूण आधी दूर करून, आणि जाग आली की लेकरू त्याच्या जागी ठेवा. शेजारी कुणी दारू किंवा झोपेची गोळी घेतलेलं नको, थोरलं भावंडही नको. नवऱ्याला एका फेरीला उठवा, संकोच करू नका.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांना झोपायची जागा दाखवा. आमच्या सासूबाईंनी माझ्यापेक्षा त्यांचंच पटकन ऐकलं.

वीज जाईल म्हणून बॅटरी चार्ज करून उशाशी ठेवा. लेकराचे ओठ निळे पडले किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असली तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा.