खासदार-आमदारांची हजेरी तपासताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की कुणाची हजेरी ९० टक्के, कुणाची ४० टक्के, असे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. लोक एवढं तरी बघतात, हे चांगलंच आहे. सभागृहात बसणं हे लोकप्रतिनिधीचं पहिलं काम आणि त्याचा हिशेब मागणं हा आपला हक्क. पण आकडा घाईत वाचला की कामाचा माणूस बदनाम होतो आणि कामचुकार सहीसलामत सुटतो.

हजेरी दिसत नाही म्हणजे दांडी, असं धरू नका

मंत्री, लोकसभेचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते यांना हजेरी नोंदवावी लागत नाही. त्यांच्या नावापुढची रिकामी जागा पाहून संताप करण्यात अर्थ नाही. निलंबनाचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. त्यात सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते. दार बंद केल्यामुळे बुडालेले दिवस वेगळे मोजायला हवेत.

‘६० दिवस गैरहजर राहिला की खासदारकी गेली’

हे अर्धंच खरं आहे. घटनेच्या कलम १०१(४) नुसार परवानगीशिवाय ६० दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिक्त घोषित करू शकतं. ती आपोआप जात नाही. शिवाय अधिवेशन संस्थगित असलेला, म्हणजे अधिवेशन औपचारिकपणे संपल्यानंतरचा काळ किंवा सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबी यात धरत नाहीत. २०१४ मध्ये राज्यसभेतले नामनियुक्त सदस्य सचिन तेंडुलकर यांच्या गैरहजेरीवरून गदारोळ झाला, तेव्हा हाच हिशेब सभागृहात समजावून सांगावा लागला होता. आमदारांसाठी अशीच तरतूद कलम १९०(४) मध्ये आहे. महाराष्ट्रातल्या भाजपच्या १२ आमदारांचं वर्षभराचं निलंबन जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, तेव्हा या तरतुदीचाही विचार झाला. मतदारसंघ इतका काळ प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, हा त्यातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

हजेरी लागली म्हणजे काम झालं, असंही नाही

खासदाराचा दैनिक भत्ता हजेरीशी जोडलेला आहे. हजेरी नोंदवल्यावर तो किती वेळ बसला, हे टक्केवारीत दिसत नाही. कोरम म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान उपस्थिती: लोकसभेत ५५, आपल्या विधानसभेत २९. एवढे लोक नसले तरी कुणी आक्षेप घेईपर्यंत कामकाज अनेकदा चालूच राहतं.

म्हणून टक्केवारी सोडून प्रश्न वाचा, आणि इथेच सवडीने वाचा. लोकसभेत रोज २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न लागतात, पण प्रश्नोत्तराच्या तासात त्यातल्या थोड्यांचीच तोंडी उत्तरं होतात. खरी कसोटी उत्तरानंतर लगेच विचारायच्या उपप्रश्नाची असते. मंत्र्याने गोलमाल उत्तर दिल्यावर सदस्य ‘मग निधी खर्च का झाला नाही?’ असं विचारतो की आभार मानून खाली बसतो? ३० नोव्हेंबर २००९ रोजी तर प्रश्न विचारणारेच जागेवर नव्हते आणि लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास वेळेआधी संपवावा लागला. यादीत नाव, पण बाकावर माणूस नाही! उत्तरात ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं आलं, तर ते सहसा आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते. त्याचा पाठपुरावा झाला का, हे आपल्या खासदाराला जरूर विचारा.

नुसती प्रश्नसंख्या फसवी असते. शंभर प्रश्नांत आपल्या जिल्ह्याचा कांदा, पीकविमा, रेल्वे एकदाही नसेल, तर ती संख्या काय कामाची?

मतदानाबाबतही एक गैरसमज आहे. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं, कुणी मागितली नाही, तर कोण कुठल्या बाजूला होता याची नोंदच राहत नाही. त्यात अनेकदा पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश असतो. त्यामुळे विधेयकावरचं भाषण वाचा. संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात हजर सदस्यांची नावं असतात. ते पान फारसं कुणी उघडत नाही.

मतदारांची चूक

साहेब लग्नाला आले नाहीत, दशक्रियेला दिसले नाहीत, याचा राग आपण पाच वर्षं धरतो. अधिवेशन नागपूरला चालू असताना आमदार गावात उद्घाटनाला आला, तर मात्र त्याला हार घालतो. त्या दिवशी त्याची लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लागली होती का, हे कुणी विचारत नाही. हे विचारायला हवं, भर मांडवात विचारायला हवं.

आणखी एक म्हणजे निवेदन उशिरा देणं. लोकसभेत प्रश्नाची सूचना निदान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर शिष्टमंडळ घेऊन गेलात, तर पहिल्या दिवसांची संधी गेलेलीच असते. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच एका पानाचं पत्र द्या: गाव, तालुका, योजनेचं नाव, मंजुरीचं वर्ष, काम कुठे अडलं आणि मंत्र्याला नेमकं काय विचारायचं. पत्राची पोच घ्या.