मावा मेला, तरी बटाट्यात व्हायरस पसरतोच? या चुका टाळा

फवारणी वेळेवर झाली, पानांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) शोधूनही सापडत नाही, तरी शेंड्याची पानं चितकबरी होतच आहेत. अशा वेळी बहुतेक जण औषध बदलतात. खरी गोची वेगळीच असते: वेगवेगळ्या वाटेने पसरणाऱ्या दोन व्हायरसना एकच उपाय लावलेला असतो.

यातला पहिला, व्हायरस वाय (PVY), माव्याच्या सोंडेच्या टोकाला नुसता चिकटतो. झाड आपल्या कामाचं आहे का, हे बघायला मावा पानात सोंड टोचतो. तेवढ्या काही सेकंदांत व्हायरस उचलला जातो आणि पुढच्या झाडावर तसंच टोचताना सोडलाही जातो. कीटकनाशकाला एवढी सवडच मिळत नाही. त्यात हा मावा बटाट्यावर वाढणाराच असतो असं नाही. शेजारच्या धान्यपिकावरून उडून आलेला पंखी मावा झाडामागून झाड चाखत फिरतो, काहीच पसंत पडलं नाही की निघून जातो. पानामागे पिल्लं दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहणं इथे महागात पडतं. पंखी माव्यासाठी पाणी भरलेले पिवळे ट्रे लावून त्यातला मावा मोजा.

व्हायरस वायवर खनिज तेलाची फवारणी चालते, पण तेल फक्त लागलेल्या पानाला राखतं. शाकीय वाढ जोरात असताना दर आठवड्याची फवारणी चुकली, की नवी पानं उघडीच राहिली. गंधकासोबत तेल मिसळू नका, पानं करपतात.

दुसऱ्या व्हायरसची, म्हणजे पानं वळवणाऱ्या लीफ रोलची तऱ्हा उलटी. तो उचलायला माव्याला बराच वेळ रस शोषत बसावं लागतं, मग व्हायरस अंगात फिरून लाळेत येईपर्यंत आणखी काही तास जातात; त्यानंतर मात्र तो मावा मरेपर्यंत रोग वाटत राहतो. इथे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं कीटकनाशक खरंच उपयोगी पडतं. ऊठसूट पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारण्यात तोटाच जास्त: मावा खाणारे ढालकिडे मरतात आणि प्रतिकारशक्ती आलेला मावा मोकाट वाढतो.

रोगट झाडं ओळखण्याचीही एक खुबी आहे. भर उन्हात मोझॅक, म्हणजे व्हायरसने आलेला पानांचा चितकबरेपणा, दिसत नाही. वाकून झाडावर स्वतःची सावली पाडा, फिकट-गडद ठिपके उठून दिसतात. बेण्यातूनच लीफ रोल आला असेल तर खालची पानं वर वळून चामड्यासारखी होतात, दाबली की कडकडतात. नत्र जास्त झालं असेल तर हिरवेपणाखाली मोझॅक लपतो.

झाड उपटून बांधावर टाकणं ही सगळ्यात नेहमीची चूक. त्यावरचा मावा चालत शेजारच्या झाडावर जातो. झाड कंदांसकट काढून तिथेच पिशवीत बंद करा.

बियाण्याच्या प्लॉटमध्ये व्हायरस कंदात उतरू नये म्हणून पाला कापतात; १०० संयुक्त पानांमागे (एका देठावरच्या सगळ्या पानोळ्या मिळून एक पान) २० मावा ही त्यासाठी वापरातली मर्यादा आहे. मोजताना खालच्या पानांची मागची बाजू बघायला विसरू नका. पाला कापल्यावर फुटलेले कोवळे फुटवे माव्याला फारच आवडतात आणि तिथून व्हायरस थेट कंदात उतरतो. म्हणून आठवडाभराने पुन्हा फिरून फुटवे काढावेच लागतात.