बागायतीची बंदूक घरात कशी ठेवावी

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक वर्षातले बहुतेक दिवस नुसती पडून असते. भात पिकायला लागलं की डुकरांसाठी, नारळ-काजूच्या दिवसांत वानरांसाठी ती बाहेर निघते आणि परत माजघरात जाते. घरातला धोका या पडून असण्यातच आहे. ती भरलेली राहते, उघड्यावर राहते, तिला ओल लागते किंवा नळीत काहीतरी शिरतं. पुढचं सगळं मुख्यतः बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) एकनळी-दोननळी आणि जुनी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची, बंदूक यांच्याबद्दल आहे.

रिकामी आहे, हे डोळ्यांनी पाहा

बंदूक हातात घेतली की बोट चापाच्या कडीबाहेर हवं आणि नळीचं तोंड अंगणातल्या मातीकडे. वर धरू नका, कौलाखाली माळा असतो आणि माळ्यावर माणूस असू शकतो. चिऱ्याच्या भिंतीवर किंवा लादीवरही रोखू नका, कठीण पृष्ठभागावरून छर्रे उसळतात. मग वरची कळ बाजूला दाबून नळी खाली पाडा, काडतुसं काढा, दोन्ही घरांत, म्हणजे काडतूस बसतं त्या जागांत, बोट घालून खात्री करा आणि उजेडाकडे धरून मागच्या बाजूने नळीतून आरपार बघा. दुसऱ्याच्या हातात देताना ती उघडीच द्यायची. घेणाऱ्यानेही पुन्हा तपासायचं, देणारा घरातला वडीलधारा असला तरी.

सेफ्टीच्या खटक्यावर विसंबू नका. बऱ्याच दोननळ्यांत तो फक्त चाप अडवतो. आतला घोडा झिजला असेल, तर बंदूक आपटल्यावर तो सुटू शकतो. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत तर काडतूस आत असताना अंगठ्याने घोडा खाली सोडूच नये. अंगठा घामाने निसटला की बार झालाच. आधी काडतूस बाहेर, मग घोडा खाली. म्हणूनच बागेत जाता-येता गडगा ओलांडताना, साकवावरून जाताना किंवा शेवाळलेल्या पाखाडीवर पाय ठेवण्याआधी काडतुसं खिशात आणि बंदूक उघडी हवी.

ठासणीच्या बंदुकीत आत काय आहे ते दिसत नाही. ती रिकामी असल्याची खात्री असताना, शक्यतो कारागिराकडून साफ करून आणल्यावर, गज (ठासायची सळई) तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर पक्की खूण करा. पुढे कधीही तपासताना खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत बार, म्हणजे ठासलेली दारू-छर्रे, आहे असंच समजायचं. केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) काढली म्हणजे निर्धोक झाली, असं नाही. काळ्या दारूला एक ठिणगी पुरते. जुना ठासलेला बार घरी उकरून काढू नका. परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि आत बार आहे हे त्याला आधी सांगा.

कुलूप

भिंतीवरची खुंटी, गादीखाली, भाताच्या कणगीमागे, माळ्यावर: या चारही जागा घरातल्या पोरांना माहीत असतात. पत्र्याचं मजबूत, कुलपाचं अरुंद कपाट घ्या आणि ते भिंतीला पक्कं करा. जांभ्याच्या चिऱ्यात नुसता स्क्रू काही दिवसांनी सैल होतो, भोकात सिमेंट भरून बोल्ट बसवा. बारा बोअरची बंदूक सहज सुटी होते. पुढचं लाकूड काढलं की नळी वेगळी होते. नळी एका कपाटात आणि दस्ता दुसऱ्यात ठेवला तर एक कुलूप फुटूनही चालती बंदूक कुणाच्या हाती लागत नाही. सुटी करायची नसेल तर उघड्या नळीतून तारेचं कुलूप ओवा. काडतुसं वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात.

किल्ली परवानाधारकाजवळच. देवघरातल्या तसबिरीमागे ठेवलेली किल्ली ही ठेवलेली किल्ली नव्हे. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात घर भरलेलं असतं. मुंबईची मुलं कपाटं उघडून बघतातच, त्यामुळे पाहुणे यायच्या आधी एकदा कुलूप ओढून पाहा. दारू घेतलेल्या माणसाने, मग तो परवानाधारक का असेना, त्या दिवशी कपाटाला हात लावायचा नाही. घरात कुणी खचलेलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर कुलपावर भागवू नका. बंदूक तात्पुरती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

ओल, खारा वारा आणि कुंभारीण

किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत उघडं लोखंड पावसाळ्यात दोन-चार दिवसांत तांबूस होतं. कापडी, चामडी किंवा फोमची पिशवी बंदूक न्यायला ठीक, ठेवायला नाही. ती ओल धरून ठेवते आणि गंज आतल्या आत वाढतो. कपाटात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या, ते ओलावलं की हिरवं होतं. तसं झालं की १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यांजवळही नेऊ नका.

तेल शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं, पातळ हात फिरवल्याइतकंच. खोबरेल मुळीच नको. थंडीत ते गोठतं, पुढे खवट होतं आणि त्यातली आम्लं गंजाला मदतच करतात. रॉकेलने मळ सुटतो, पण तेवढ्यावर सोडलं तर नळी गंजते, त्यावर तेलाचा बोळा हवाच. साफ करताना काडतुसं त्या खोलीतही नकोत. गज मागून तोंडाकडे सारा: आधी पितळी ब्रश, मग कोरडे फडके, शेवटी तेलाचं एक. चूल आणि समई जवळ नको. जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात मुरलं तर लाकूड मऊ पडतं, म्हणून पहिली रात्र नळीचं तोंड खाली करून ठेवा. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने एकदा पुसा. घामाचा हात लागला की त्याच दिवशी. काळ्या दारूची काजळी ओल ओढून घेते, त्यामुळे ठासणीची नळी त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करून तेल लावायचं. या बंदुकीत काडतुसातली धूररहित दारू कधीही घालू नका, नळी फाटते.

आता कुंभारीण. ही माशी भोक दिसलं की मातीचं घर बांधते आणि नळीचं भोक तिला फार सोयीचं. तेवढी माती पुढे असताना बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते, आणि पुढचा हात तिथेच असतो. तोंडावर कापडाची सैल टोपी घाला, घट्ट बूच आतली ओल कोंडतं. बूच किंवा टोपी काढायला विसरू नये म्हणून तिला लाल फीत बांधा.

काडतुसं

घट्ट झाकणाच्या डब्यात, मूळ खोक्यासकट ठेवा. फुगलेलं कागदी काडतूस, हिरवट चढलेलं पितळ, सैल तोंड: बाजूला काढा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवायचं नाही, समुद्रात फेकायचं नाही, पुरायचंही नाही. ती विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्या. २० बोअरचं काडतूस बारा बोअरच्या घरात शिरून पुढे अडकतं, मागून बाराचं बसतं आणि मग नळी फुटते. म्हणून दोन मापं एका डब्यात नकोत. जुन्या बंदुकीचं घर ६५ मिलिमीटरचं असू शकतं. तिच्यात ७० चं काडतूस बसतं, पण ते उघडायला जागा नसल्याने दाब वाढतो. माप नळीवर कोरलेलं असतं. नसेल तर कारागिराकडून मोजून घ्या.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी तशीच सुरक्षित दिशेला पूर्ण मिनिटभर धरा, ठासणीची दोन मिनिटं. आवाज फुसका आला, तर दुसरं काडतूस घालण्याआधी नळीतून आरपार बघा. ओलसर काडतुसातलं छर्ऱ्यांमागचं बूच आत अडकलेलं असू शकतं.

कागद

परवानाधारक मुंबईत आणि बंदूक गावी राखणदाराकडे, ही रीत बेकायदा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना नसलेला माणूस ती परवानाधारकासमोर, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्ती, नूतनीकरण अशा कामापुरतीच नेऊ शकतो. लांब जायचं तर रीतसर जमा करून पावती घ्या. परवानाधारक वारल्यास वारसांनी विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, तेराव्यापर्यंत थांबू नये. पीक राखण्याचा परवाना शिकारीची मुभा देत नाही. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते. लग्नात-वरातीत बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतील असा गुन्हा आहे.

निवडणुकीत जमा करायचा आदेश आला तर नेण्यापूर्वी नळीला आतून नेहमीपेक्षा जाड तेल द्या. पावतीवर नळीचा क्रमांक नीट उतरवलाय का बघा. परत आणल्यावर ते तेल पूर्ण पुसून, आरपार बघूनच कपाटात ठेवा.