'कुत्रा चालेल' म्हणतात आणि टोकननंतर नकार येतो: कोल्हापुरात आम्हाला जमलेला मार्ग

लक्षण: कुत्र्यासह भाड्याचं घर शोधताना एजंट फोनवर हो म्हणतो, टोकन (घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम) दिल्यावर सोसायटी अडवते. त्यात नवऱ्याला शिरोली एमआयडीसीजवळ घर हवं, बायकोला रंकाळ्याकडे, कुत्र्याला फिरवायला मोकळी जागा म्हणून. दोन महिने यात गेले, अगदी जीव मेटाकुटीला आला.

डिपॉझिट वाढवून पाहिलं, कुत्रा 'छोटा आहे' असं सांगून पाहिलं. दोन्ही फसलं. दुसरं तर करूच नका, विश्वास जातो.

जमलं ते या क्रमाने. आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर प्रत्येकी एकच न सोडण्याची अट लिहिली: त्याची, कामावर जायचा प्रवास 25 मिनिटांच्या आत, तिची, तळमजला किंवा लिफ्ट, कारण 28 किलोचं लॅब्रेडॉर म्हातारपणी जिने चढत नाही. भागाचं नाव अटीत नव्हतंच, म्हणून भांडण मिटलं. मग सकाळी 9 आणि संध्याकाळी 7 ला गाडीवरून वेळ मोजली. रुईकर कॉलनी दोघांनाही पटली.

नंतर टोकनआधी मालकाला कुत्र्यासह भेटलो, रेबीज लसीचं कार्ड दाखवलं. सेक्रेटरींना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना दिल्या: सोसायटीला ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. मालक मात्र स्वतःच्या करारात नकार देऊ शकतो, म्हणून 11 महिन्यांच्या नोंदणीकृत करारात कुत्र्याची जात, वजन आणि 'पाळण्यास संमती' हे शब्द घालून घेतले. नुसती तोंडी हमी मालक बदलला की संपते.