नादारीचा अर्ज : वकील कसा गाठावा आणि त्याला काय सांगावं

नादारी म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं कोर्टाकडून ठरवून घेणं. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. धंदा बुडालेल्या आठ-दहा पार्ट्यांना घेऊन आजवर वकिलांकडे गेलोय. त्यातली पहिली पार्टी म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानानं मला जे शिकवलं ते पुढे येईलच.

आधी कर्ज कोणाच्या नावावर आहे ते बघा. दुकान एकट्याचं असेल, कंपनी नसेल, तर मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे तुमचं काही काम नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला साध्या माणसासाठीचा भाग अजून सगळ्यांना लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना. बाकीच्यांना जुनेच कायदे : मुंबई शहरात १९०९ चा, अर्ज उच्च न्यायालयात, उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा, अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत. जो वकील एकट्या किराणा दुकानदाराला न्यायाधिकरणात न्यायला निघतो, त्याचा चहा प्या आणि उठा.

वकील शोधायला मोबाईल उघडू नका. ‘कर्ज सत्तर टक्के माफ’ म्हणणाऱ्या रील्स बनवणारा बहुधा वकील नसतोच. असलाच तर तो नियम मोडतोय, कारण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. सरळ कोर्टात जा, बाररूममध्ये दोन-तीन जुन्या वकिलांना विचारा : इथं नादारीचे अर्ज कोण चालवतं? तेच तेच नाव येईल. त्या माणसाला एवढंच विचारा की शेवटचा असा अर्ज कधी दाखल केला आणि त्याचं काय झालं. दिवाणी वकील गल्लोगल्ली आहेत, पण हा अर्ज आयुष्यात एकदाही न केलेले त्यात भरपूर. फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, पावती घ्या. ‘वाचेल त्यातले इतके टक्के’ असा सौदा वकिलाला करताच येत नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता कर्जांची आणि व्यवहारांची यादी. सगळं घोडं इथंच अडतं.

दादाच्या वेळी आम्ही ऐटीत यादी नेली : बँक, पतसंस्था, तीन होलसेलवाले. दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. अर्जाच्या दोन महिने आधी दादानं भाऊजींचे हातउसने १ लाख ८० हजार परत केले होते आणि त्याआधीच्या वर्षी एक प्लॉट वहिनीच्या नावे बक्षीसपत्रानं केला होता. घरातली गोष्ट, वकिलाला कशाला, असं मीच म्हणालो होतो. सुनावणीत होलसेलवाल्याच्या वकिलानं बँकेचं स्टेटमेंट पुढे सरकवलं. भाऊजींच्या नावाची एक ओळ पिवळी रंगवलेली होती. आमच्या वकिलानं ती ओळ न्यायाधीशांबरोबरच पहिल्यांदा पाहिली. बाहेर व्हरांड्यात तो आमच्याशी एक शब्द बोलला नाही. पुढे रिसिव्हरनं, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या कोर्टाच्या माणसानं, भाऊजींकडे पैसे परत मागितले आणि दोन दिवाळ्या ताई माहेरी आली नाही.

कायदा असा आहे : अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला (ज्याचं देणं आहे त्याला) झुकतं माप देऊन पैसे फेडले असतील तर तो व्यवहार उलटवता येतो. आधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता कोणाच्या नावावर काही केलं असेल तर तेही. मालमत्ता लपवणं हा तर गुन्हाच. म्हणून ‘आधी घर बायकोच्या नावावर करा, मग अर्ज टाकू’ असा सल्ला देणाऱ्या वकिलाकडे परत जाऊ नका. असे सल्लागार नातेवाइकांतही असतात. त्यांना चहासुद्धा देऊ नका.

यादी अशी करा. प्रत्येक खात्याचं दोन वर्षांचं स्टेटमेंट काढा, बंद पडलेल्या खात्याचंही. पेन घेऊन बसा आणि माणसाच्या नावे गेलेल्या दहा हजारांवरच्या प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहा. फोनपेचे व्यवहार वेगळे काढा, तिथं टोपणनावं असतात आणि महिन्यानं तुम्हालाच आठवत नाही की ‘पप्पू’ कोण. मग ज्याचा कागद नाही ते : भिशी, मामाचे हातउसने, सोनाराकडे गहाण बांगड्या. मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही. बायकोचं स्त्रीधन तिचं आहे. ते लपवायचं नसतं, पावत्या लावून वेगळं दाखवायचं असतं. हे सगळं वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. झालेल्या गोष्टींबद्दल तुम्ही सांगितलेलं तुमच्या संमतीशिवाय त्याला बाहेर फोडता येत नाही. त्याला आधी कळलं तर तो स्वतःच अर्जात मांडेल. समोरच्यानं काढलं तर तुम्ही लबाड ठरलात.

तुम्हाला जामीन राहिलेल्यांनाही त्याच आठवड्यात जाऊन भेटा. तुमची सुटका झाली तरी त्यांची होत नाही आणि हे त्यांना नोटिशीतून कळणं फार वाईट. तारण कर्जाचंही तसंच : घर बँकेकडे गहाण असेल तर नादारीनं बँकेचा त्या घरावरचा हक्क जात नाही. चेक बाऊन्सचा फौजदारी खटला चालूच राहतो, त्याचं वेगळं बघायला सांगा.

वकीलपत्रावर सही करा, वह्या-बिलांची पिशवी द्या, पोच घ्या.

धनकोनं वसुलीसाठी कोर्टात लावलेल्या दरखास्तीत अटकेचं वॉरंट निघण्याची भीती असेल तर संरक्षणाचा अर्ज वेगळा करावा लागतो. वकिलाला आठवण करा, तो विसरतो. वसुलीवाल्यांसाठी मात्र वकील लागत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर बँकेच्या एजंटला फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कॉलची वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा.

नादार ठरलात की लोक पेढे वाटल्यासारखे घरी जातात आणि वकिलाचा फोन उचलत नाहीत. त्या आदेशातच कर्जातून मुक्ततेसाठी अर्ज करायची मुदत लिहिलेली असते. ती चुकली तर नादारी रद्द होते आणि धनको पुन्हा दारात. आदेशाची प्रत हातात पडली की ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनानं लिहा. पुढच्या वर्षातली असेल तर जुनं कॅलेंडर उतरवताना नव्यावर उतरवून घ्या. दादाची तारीख मी माझ्या दुकानातल्या कॅलेंडरवरही लिहिली होती.